मागचा एक तास म्हणजे नक्की कुठला तास?

या वेळी मेलमध्ये रनिंग अ‍ॅव्हरेजचेच प्रश्न जास्त आलेत (मागच्या ठरावीक वेळेची, नव्या आकड्याबरोबर पुढे सरकणारी सरासरी), म्हणून अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकलाय. प्रश्न थोडे कापलेत, नावं काढलीयेत.

प्रश्न : सर नमस्कार, निफाडला आमची द्राक्षबाग आहे आणि मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलाय. बागेत ईएसपी ३२ (छोटा वायफाय बोर्ड) लावलंय, ते दर १० मिनिटांनी आर्द्रता पाठवतं. डावणी रोगाच्या भीतीने असं सेट केलंय की मागच्या एका तासाची सरासरी ९६ च्या वर गेली की वडिलांना मेसेज. पायथनमध्ये पांडाज लायब्ररीचं रोलिंग वापरलं, विंडो (सरासरीत घ्यायचा मागचा भाग) ६ दिली, कारण सहा दाहे साठ. परवा रात्री लाईट गेली, पहाटे आली, बाग ओलीचिंब आणि मेसेज आलाच नाही. वडील म्हणतात काढून टाक ते मशीन. फाईल सोबत पाठवतोय.

उत्तर : मशीन काढू नका, त्याची काही चूक नाही. तुम्हाला हवा होता एक तास आणि तुम्ही मागितली सहा रीडिंग. लाईट असेपर्यंत दोन्ही एकच असतं, म्हणून इतके दिवस कळलं नाही. फाईलमध्ये बघा, लाईट जायच्या आधीची शेवटची तीन रीडिंग १:३०, १:४० आणि १:५० ची आहेत, ९२, ९३, ९३. त्यानंतर थेट ५:४०, ५:५० आणि ६:०० ची, ९७, ९८, ९८. सकाळी सहाला प्रोग्रामने मागच्या सहा ओळी उचलल्या, बेरीज ५७१, भागिले ६, आले ९५.२. तुमची मर्यादा ९६, मेसेज कशाला जाईल. ज्याला तो ‘मागचा तास’ समजत होता तो साडेचार तासांचा होता.

विंडोच्या जागी ६ ऐवजी कोट्समध्ये एक तास असं द्या, म्हणजे आकड्याच्या जागी टाइमचा ऑफसेट. इंडेक्स (प्रत्येक ओळीची खूण) मात्र तारीख-वेळेचा पाहिजे आणि चढत्या क्रमाने लावून घ्या, वेळा उलटसुलट असतील तर एरर येईल. मग सहा वाजता विंडोत फक्त पहाटेची तीन रीडिंग राहतात आणि सरासरी येते ९७.७. मेसेज गेला असता.

आता यात एक गोष्ट बदलते जी लोक वाचत नाहीत. आकड्याची विंडो दिली की सहा रीडिंग पूर्ण होईपर्यंत पांडाज उत्तरच देत नाही, एनएएन (‘आकडाच नाही’ अशी खूण) टाकतं. टाइमची विंडो दिली की एक रीडिंग असलं तरी उत्तर देतं. म्हणजे ५:४० ला लाईट आल्या आल्या एकाच रीडिंगची ‘तासाची सरासरी’ तयार, आणि सेन्सर नुकताच चालू झालेला असताना तो पहिला आकडा कितपत खरा धरायचा हे तुम्हीच ठरवा. मिन पीरियड्स नावाचं सेटिंग आहे, तिथे ३ टाका. किंवा माझ्या मते त्याहून बरं म्हणजे सरासरीच्या शेजारी रीडिंगची संख्या पण मेसेजमध्ये पाठवा, ‘९७.७, सहापैकी तीन’. वडिलांना ते पटकन कळेल, त्यांना सरासरीपेक्षा भरवसा किती ठेवायचा हे जास्त महत्त्वाचं आहे.

अजून एक, कारण तुम्ही हे करणार हे मला दिसतंय. तुम्ही ईएसपीला बॅटरी लावाल, राउटर मात्र लाईटवरच राहील. मग रात्रभराची रीडिंग आत साठतील आणि लाईट आल्यावर एका दमात सर्व्हरला येतील. सर्व्हरवर पोचल्याची वेळ लावत असाल तर चार तासांची आर्द्रता सगळी ५:४० ची म्हणून नोंदली जाईल आणि टाइमची विंडो लावूनही उत्तर चुकीचंच येईल. वेळ रीडिंग घेतानाच, बागेतच लावायची. आणि ईएसपीची पॉवर पूर्ण जाऊन परत आली की नेटवरून वेळ मिळेपर्यंत त्याचं घड्याळ १९७० सालात असतं, तेव्हा डीएस ३२३१ चं छोटं आरटीसी (घड्याळाचं) मॉड्युल आणि नाणं-सेल लावून टाका, फार महाग नाही. वेळ १९७० ची असलेलं रीडिंग आलं तर ते सरासरीत घेऊ नका, बाजूला टाका.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात एका दूध संघात कॉम्प्युटर सेक्शनला आहे. साहेबांना प्रत्येक संस्थेच्या संकलनाची ७ दिवसांची सरासरी हवी होती. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये विंडो फंक्शन लिहिलं, ROWS (ओळी) बिटवीन ६ प्रिसीडिंग अँड करंट रो. ग्राफ करवतीसारखा दातेरी येतोय, वर खाली वर खाली. सरासरी घेतल्यावर ग्राफ गुळगुळीत व्हायला पाहिजे ना?

उत्तर : ताई, तुमच्या टेबलमध्ये एका संस्थेच्या दिवसाला दोन ओळी आहेत, सकाळचं संकलन आणि संध्याकाळचं. सात ओळी म्हणजे साडेतीन दिवस. त्यात एकदा चार सकाळी आणि तीन संध्याकाळी येतात, पुढच्या ओळीला तीन सकाळी आणि चार संध्याकाळी. सकाळचं दूध जास्त असतं, म्हणून ग्राफला दात आले. गणित बरोबर चाललंय, दिवस मोजायच्या ऐवजी ओळी मोजतंय एवढंच.

आधी दिवसाची बेरीज करा, मग विंडो लावा. आणि ROWS काढून तिथे रेंज लिहा, इंटरव्हल ६ डेज प्रिसीडिंग. पोस्टग्रेसमध्ये हे व्हर्जन ११ पासून चालतं, म्हणजे २०१८ पासून, त्याच्या आधीचं व्हर्जन असेल तर आधी अपग्रेडचं बघा, एवढं जुनं चालवण्यात अर्थ नाही.

रेंज लावल्यावर पुढचा प्रश्न येतो आणि तो एसक्यूएलचा नाही, साहेबांचा आहे. एखाद्या दिवशी संस्थेची ओळच नसेल तर काय धरायचं? पूर आला, रस्ता बंद, दूध आलंच नाही, हे शून्य आहे. मशीन बंद होतं, दूध आलं पण वहीत लिहिलं आणि नंतर कोणी एंट्री केली नाही, हे शून्य नाही, ही माहिती नाही. रेंज दोन्हीला सारखंच वागवतं, ओळ नाही म्हणजे तो दिवस मोजत नाही, सहानेच भागतं. पुराच्या आठवड्यात अशी सरासरी फसवी चांगली दिसेल. जनरेट सीरिजने सगळ्या तारखांची यादी करा, त्याला संकलन लेफ्ट जॉइन करा, आणि न आलेल्या दिवसाला शून्य की नल (माहिती नाही) हे कारण बघून भरा. त्यासाठी कारणाचा एक कॉलम लागेल. तो कोण भरणार यावर तुमच्याकडे वाद होणार, होऊ द्या.

तुमच्या क्वेरीत अजून एक दिसलं जे तुम्ही विचारलं नाहीत. दिवस काढायला तुम्ही डेट ट्रंक (वेळ कापून फक्त तारीख ठेवणारं फंक्शन) वापरलंय आणि सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक वेळेवर, आहे. यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. बाकी कुठल्या धंद्यात हे महिनोन्‌महिने कळलं नसतं, पण दुधाचा काटा पहाटे पाचला सुरू होतो. पाच ते साडेपाच घातलेलं दूध तुमच्याकडे आदल्या दिवसात जातंय आणि त्यानंतरचं आजच्या. सात दिवसांच्या सरासरीत ते बरंचसं भरून निघतं म्हणून लक्षात येत नाही, पण रोजचा आकडा संस्थेच्या वहीशी कधीच जुळणार नाही. आधी अ‍ॅट टाइम झोन एशिया कोलकाता, मग डेट ट्रंक, हा क्रम ठेवा.

आणि फ्रेम, म्हणजे ROWS किंवा रेंजची ती हद्द, लिहायला कधी विसरू नका. नुसतं ऑर्डर बाय लिहून सोडलं तर एसक्यूएल पहिल्या दिवसापासून आजपर्यंतची सरासरी देतं, एरर देत नाही, आणि तो ग्राफ इतका छान गुळगुळीत दिसतो की कोणाला शंकाही येत नाही.

प्रश्न : पुण्यात बॅकएंडला आहे. मागच्या ५ मिनिटांची सरासरी पेमेंट रक्कम आणि रिस्पॉन्स टाइम दाखवतो. स्पीडसाठी पूर्ण बेरीज दरवेळी करत नाही, नवीन आला की मिळवतो, जुना बाहेर गेला की वजा करतो. दोन-तीन आठवडे सर्व्हर चालू राहिला की रात्री ट्रॅफिक नसताना डॅशबोर्डवर एकूण रक्कम ‘-०.००’ दिसते. टेस्टर चिडवतात. आणि एकदा तर रिस्पॉन्स टाइमच्या जागी एनएएन आलं ते रीस्टार्ट करेपर्यंत गेलंच नाही.

उत्तर : मायनस शून्य म्हणजे खरं तर अगदी छोटा निगेटिव्ह आकडा, दोन डेसिमलला राउंड होऊन तसा दिसतोय. फ्लोटमध्ये (दशांशाचे आकडे ठेवायचा प्रकार) मिळवलेलं सगळं वजा करून बरोबर शून्य येईलच असं नाही, प्रत्येक मिळवणीला शेवटच्या अंकात थोडं राउंडिंग होतं आणि वजा करताना ते तसंच्या तसं परत निघत नाही. लाखो व्यवहारांनंतर धूळ साचते. तुमच्या रकमांवर ती धूळ नगण्य आहे, पण आकडे लहानमोठे मिसळले तर प्रकरण गंभीर होतं. पोस्टग्रेसच्या मॅन्युअलमध्येच याचं उदाहरण दिलंय, १ वर वीस शून्य एवढा आकडा आणि त्याच्या मागोमाग नुसता १. दोन्हीची बेरीज डबलमध्ये (मोठा फ्लोट) मोठ्या आकड्याएवढीच राहते, कारण डबलला १५ ते १७ अंकच आठवतात. मग मोठा विंडोबाहेर गेला म्हणून वजा केला की उरतं ०, उरायला हवा होता १. म्हणून पोस्टग्रेस फ्लोटच्या बेरजेला ही मिळव-वजा युक्ती वापरतच नाही, विंडो सरकली की परत मोजतं. न्यूमेरिक या नेमक्या दशांश प्रकाराला वापरतं, कारण तिथे वजाबाकी चोख होते.

रकमेसाठी उपाय सोपा, पैशात मोजा, इंटिजरमध्ये. रुपयांना शंभरने गुणा आणि विषय संपवा. पैसे फ्लोटमध्ये ठेवायचेच नसतात हे तुम्हाला कोणीतरी आधीच सांगितलं असणार.

एनएएनचं वेगळं आहे. कुठेतरी शून्याला शून्याने भागलं गेलं आणि एक एनएएन बेरजेत शिरला. पाच मिनिटांनी तुम्ही तो वजा केलात, पण एनएएन वजा एनएएन पण एनएएनच. पूर्ण बेरीज दरवेळी करणाऱ्या प्रोग्राममध्ये खराब आकडा पाच मिनिटांनी आपोआप निघून जातो, मिळव-वजा वाल्यात तो मरेपर्यंत मुक्कामाला. इन्फिनिटीचंही तसंच. दारातच तपासा, आत घेऊ नका.

मी असतो तर ही पद्धतच बदलली असती. ५ मिनिटं म्हणजे ३०० सेकंद, ३०० खणांची एक गोल अ‍ॅरे ठेवा, प्रत्येक खणात त्या सेकंदाची बेरीज आणि संख्या. नवीन सेकंद लागला की सगळ्यात जुना खण रिकामा करून वापरा. मधे ट्रॅफिक नसलेले सेकंद गेले असतील तर तेवढे सगळे खण रिकामे करायचे, एकच नाही, इथे हमखास बग असतो. दाखवायच्या वेळी ३०० खणांची बेरीज करा, आजच्या प्रोसेसरला ते काहीच नाही. मेमरी ठरलेली, धूळ साचत नाही, आणि एनएएन आलाच तरी पाच मिनिटांत हद्दपार. विंडोची कड एका सेकंदाने मागेपुढे होते, पेमेंटच्या डॅशबोर्डला त्याने कोणाचं अडत नाही. सेकंद मोजायला मात्र भिंतीवरचं घड्याळ नको, मोनोटॉनिक (फक्त पुढे जाणारं) घ्या, एनटीपीने (नेटवरून घड्याळ जुळवणारी सेवा) सिस्टीमची वेळ मागे सरकवली तर खण उलटे भरायला लागतील.

विंडो पूर्ण रिकामी असेल तर सरासरी शून्य दाखवू नका. व्यवहार झाले नाहीत आणि सरासरी शून्य रुपये आहे या दोन वेगळ्या बातम्या आहेत. तिथे डॅश दाखवा.

हो, आणि चार सर्व्हरच्या सरासऱ्यांची परत सरासरी काढू नका. एकावर ९०० रिक्वेस्ट १०० मिलिसेकंदाच्या, दुसऱ्यावर १०० रिक्वेस्ट १००० च्या, तर सरासरीची सरासरी ५५० आणि खरी १९०. बेरीज आणि संख्या वेगवेगळ्या पाठवा, भागाकार सगळ्यात शेवटी एकदाच.

प्रश्न : तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये टेंपरेचर लॉगर आहे, तापमान बदललं तरच नोंद करतो. तासाची सरासरी ६.५ आली म्हणून मालकांनी फोन केला, प्रत्यक्षात खोली बहुतेक वेळ ४ लाच होती.

उत्तर : १२ वाजता ४ ची नोंद, मग ५० मिनिटं काहीच नाही. १२:५० ला दार उघडलं आणि दोन-दोन मिनिटांनी ५, ६, ७, ८, ९. सहा नोंदींची साधी सरासरी ६.५. पण ४ अंश ५० मिनिटं टिकले आणि बाकीचे प्रत्येकी दोनच मिनिटं. प्रत्येक आकड्याला तो जितका वेळ टिकला त्याने गुणा, २०० अधिक ७०, भागिले ६०, बरोबर ४.५. बदललं तरच लिहिणाऱ्या लॉगरला हीच पद्धत. विंडो सुरू होताना जो आकडा चालू होता तो विंडोच्या आधीच्या नोंदीतून आणावा लागतो हे लक्षात ठेवा, नाहीतर पुढच्या तासाचा पहिला तुकडा रिकामा राहील. आणि लॉगर बंद पडलाय की तापमान खरंच बदललं नाही हे ओळखायला दर १५ मिनिटांनी एक सक्तीची नोंद चालू करून घ्या.

प्रश्न : लिनक्सवर एक अनंत लूप चालवला, एक कोर पूर्ण १०० टक्के. एक मिनिट थांबून अपटाइम बघितलं तर एक मिनिटाचा लोड अ‍ॅव्हरेज ०.६३. एक मिनिटाची सरासरी आहे तर १ पाहिजे ना? कोल्हापूर, थर्ड इयर.

उत्तर : छान बघितलंस. ती एका मिनिटाची विंडो नाहीच. कर्नल साधारण दर ५ सेकंदांनी जुन्या आकड्याचे ९२ टक्के आणि आत्ताच्या लोडचे ८ टक्के मिसळतं, बस. एका मिनिटात हे १२ वेळा होतं, ०.९२ चा बारावा घात ०.३७, म्हणून नवीन लोडचा हिस्सा ०.६३ आणि जुन्या शांततेचा ०.३७ अजून शिल्लक. पाच मिनिटं थांबलास तर ०.९९ दिसेल. कर्नलच्या सोर्समध्ये १८८४, २०१४ आणि २०३७ असे तीन आकडे सापडतील, त्यांना २०४८ ने भाग, पहिल्याचं उत्तर हेच ०.९२, बाकीचे ५ आणि १५ मिनिटांचे. कर्नलमध्ये फ्लोट टाळतात म्हणून हा इंटिजरचा मार्ग.

याचा फायदा असा की जुने आकडे साठवायचेच नाहीत, एका सरासरीला एक आकडा पुरतो, आणि जुना आकडा विंडोतून धाडकन बाहेर पडून ग्राफ उगाच कोसळणं हे पण होत नाही. ही जुनी गोष्ट आहे, टेनेक्स या जुन्या सिस्टीमच्या लोड अ‍ॅव्हरेजचे आकडे १९७३ च्या आरएफसी ५४६ मध्ये छापलेत. तुझ्या प्रोजेक्टमध्ये वापरणार असशील आणि रीडिंग अनियमित येत असतील तर ९२-८ फिक्स ठेवू नकोस, मधे किती वेळ गेला त्यावरून काढ, ई चा उणे गेलेला वेळ भागिले टाइम कॉन्स्टंट एवढा घात, तेवढा जुन्याचा हिस्सा.

आणि लोड वाढला म्हणजे सीपीयूच दमलाय असं नाही, लिनक्स डिस्कसाठी अडकून बसलेल्या प्रोसेसही त्यात मोजतं.

प्रश्न : दिवाळीत रात्री बारालाच फटाके थांबले, दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यात आभाळ स्वच्छ, तरी अ‍ॅप हवा खराब दाखवत होतं. आकडे खोटे असतात का?

उत्तर : खोटे नाहीत, शिळे असतात. २०१५ ला सुरू झालेल्या आपल्या राष्ट्रीय एक्यूआयमध्ये (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) पीएम २.५ ची, म्हणजे बारीक कणांची, २४ तासांची सरासरी धरतात, ओझोन आणि कार्बन मोनॉक्साइडची ८ तासांची. उदाहरणापुरतं समजा हवा एरवी ४० आणि रात्री ८ ते १२ चार तास ४००. मागच्या २४ तासांची सरासरी होते १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ‘पूअर’. ही १०० पुढच्या रात्री ८ पर्यंत हलत नाही, हवा पहाटेच ४० ला आलेली असली तरी, आणि ४० म्हणजे ‘सॅटिस्फॅक्टरी’. रात्री ८ नंतर तो धूर एकेक तास विंडोबाहेर पडतो आणि आकडा भराभर उतरतो, तेव्हा हवेत काही नवीन घडत नसतं. तब्येतीसाठी २४ तासांचा आकडा योग्यच आहे, पण आत्ता फिरायला जाऊ का हे त्याला विचारू नका, अ‍ॅपमध्ये तासाचा आकडा असतो तो बघा. निफाडच्या वाचकांनीही हे वाचा, इथे २४ पैकी किमान १६ तासांचा डेटा नसेल तर इंडेक्स काढतच नाहीत. असा नियम स्वतःच्या बागेलाही लावता येतो.

प्रश्न : आर्डुइनो उनोवर अ‍ॅनालॉग रीडची ५० रीडिंगची सरासरी निगेटिव्ह येते.

उत्तर : उनोवर इंट १६ बिटचा, ३२७६७ च्या पुढे उलटतो. रीडिंग १०२३ पर्यंत जातं, ३२ रीडिंगची बेरीज जास्तीत जास्त ३२७३६, बसते, तेहेतिसावं आलं की फुटलं. अनसाइन्ड केलं तर बरोबर ६४ बसतात. लाँग घ्या आणि मोकळे व्हा. मिलिस (चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) ४९.७ दिवसांनी परत शून्यावर येतं, तेव्हा कायम ‘आत्ता वजा मागचं’ असं तपासा, दोन्ही अनसाइन्ड लाँग, ‘मागचं अधिक अंतर’ असं नको.

प्रश्न : वाऱ्याच्या दिशेची १० मिनिटांची सरासरी. वारा उत्तरेचा, रीडिंग ३५० आणि १०, सरासरी १८० म्हणजे दक्षिण!

उत्तर : अंशांची सरासरी काढायची नाही. प्रत्येक रीडिंगचा साइन आणि कोसाइन काढा, दोन्हीच्या वेगळ्या सरासऱ्या, शेवटी एटॅन २ (दोन्हीवरून परत कोन काढणारं फंक्शन). उत्तर ० येईल, उत्तर दिशा. दोन्ही सरासऱ्या शून्याच्या आसपास आल्या तर वारा सगळीकडून फिरतोय, तेव्हा दिशेचा आकडा छापू नका, ‘फिरता’ लिहा.